एआयच्या चित्रातली बोटं, नथ आणि पैठणीचा पदर: दोष कसे काढता?

रंगरेषा:
नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडला माझं छोटंसं डिझाईनचं काम आहे. दुकानांच्या जाहिराती, कॅटलॉग, लग्नाचे फ्लेक्स, जे येईल ते. सध्या एका साडीच्या दुकानाचं दिवाळीचं काम हातात आहे. मॉडेल, मेकअप, फोटोग्राफर एवढं बजेट नाही, म्हणून मालक म्हणाले, "एआयवर करून टाका ना."

चित्र लांबून झकास दिसतं. काळ्या दगडाच्या देवळाची पायरी, पैठणी नेसलेली बाई, हातात आरतीचं ताट. जवळ गेलं की एकेक गंमत सुरू. ताट धरलेल्या हाताला सहा बोटं, त्यातलं एक ताटात विरघळलेलं. नथीचा एक मोती सुटून गालावर चिकटलाय. मंगळसूत्राच्या वाट्या तीन. पदरावरचा मोर मानेपर्यंत मोर आहे, पुढे नुसती वेलबुट्टी. आणि पायरीवरच्या दोन पणत्या चक्क हवेत.

नवनवीन चित्रं काढून बघितली. बोटं नीट आली की चेहरा जातो, चेहरा जमला की पदर. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये (काय नको ते लिहायच्या जागी) "वाईट हात, जादा बोटं" अशी लांबलचक यादी टाकून झाली, स्टेप्स, म्हणजे चित्र घडवायच्या फेऱ्या, वाढवून झाल्या. एसडीएक्सएल हे चित्र काढणारं मॉडेल वापरते, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. जाणकारांनी कृपया सांगावं, नक्की हात कुठे घालायचा?

मिसळपंथी:
सहा बोटांनी धरलेलं ताट पडणार तरी नाही. राहू द्या की.

फोटूवाला:
एक दिवस फोटोग्राफर बोलावला असता तर हा धागाच निघाला नसता. बाकी चालू द्या.

पिक्सेलपंत:
रंगरेषाताई, स्टेप्स वाढवून बोटं सुधारत नाहीत. पंचवीस-तीसच्या पुढे फरक दिसेनासा होतो, वेळ तेवढा जातो. निगेटिव्हच्या यादीचंही तेच. सहा बोटं वाईट हे मॉडेलला कळायला आधी त्याला बोटं मोजता यायला हवीत, आणि ते मोजत नाही.

खरी अडचण जागेची आहे. ही मॉडेल्स थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. दोन्ही बाजूंनी आठपट आक्रसलेल्या जाळीवर काम करतात. म्हणजे ८×८ पिक्सेलच्या चौकोनाला आत एकच घर मिळतं. १०२४ चं चित्र आत १२८×१२८ घरांचं असतं. तुमची बाई डोक्यापासून पायापर्यंत दिसत असेल तर तिचा पंजा फार तर ८० पिक्सेल रुंद असेल, म्हणजे दहा घरं. त्या दहा घरांत पाच बोटं, मधल्या फटी, नखं आणि ताटाची कड बसवायची आहे. नथ २४ पिक्सेलची धरली तर तिला तीन घरं. तीन घरांत मोती, पाचू आणि फासा कुठून मावणार? मग मॉडेल हातासारखं, नथीसारखं काहीतरी रंगवतं आणि पुढे जातं.

त्यात हात हा भलता चंचल अवयव. शिकवायला वापरलेल्या फोटोंत चेहऱ्याला बहुतेक वेळा दोन डोळे दिसतात. हाताची मात्र कधी मूठ, कधी दोनच बोटं बाहेर, कधी दुसऱ्याच्या हातात गुंतलेला. पाच हा आकडा त्याच्या अंगवळणी पडेल कसा?

तेव्हा अख्खं चित्र पुन्हा काढणं सोडा. जे चित्र नव्वद टक्के आवडलंय ते धरून ठेवा आणि बिघडलेल्या तुकड्याला जागा मोठी करून द्या. इनपेंटमध्ये, म्हणजे चित्राचा एकच भाग नव्याने रंगवायच्या सोयीत, पंजावर मास्क ओढा (रंगवायची जागा ब्रशने झाकून दाखवा) आणि "ओन्ली मास्क्ड" निवडा. मग तेवढाच तुकडा कापून, १०२४ पर्यंत मोठा करून रंगवला जातो आणि पुन्हा लहान होऊन जागेवर बसतो. पॅडिंग, म्हणजे तुकड्याबरोबर घेतलेली भोवतीची जागा, ऑटोमॅटिक ११११ या प्रोग्राममध्ये मुळात ३२ पिक्सेल असते, ती १०० च्या आसपास न्या. तेवढं वाढवूनही पंजाला दहाऐवजी पस्तीसेक घरं मिळतात. पॅडिंग कमी पडलं तर मनगट आणि ताट त्याला दिसत नाही, हात कुठून आलाय कळत नाही, आणि कधी कधी त्या तुकड्यात एक अख्खी छोटी बाई काढून ठेवतं. यावेळी प्रॉम्प्टही तुकड्यापुरताच द्या: पितळी ताट धरलेला बाईचा हात. मंदिर, दिवाळी, पैठणी सगळं काढून टाका. डिनॉइझिंग, म्हणजे जुनं किती बदलायचं तो आकडा, ०.४ ते ०.६ ठेवा. ०.३ च्या खाली सहावं बोट जागचं हलत नाही, ०.७ च्या वर नवाच हात उगवतो.

आणि सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट: इनपेंट करण्याआधी स्वतः ब्रश उचला. जिंप किंवा फोटोशॉपमध्ये सहावं बोट मागच्या रंगाने खोडून टाका, विरघळलेलं बोट कातडीच्या रंगाने ओबडधोबड ओढून घ्या. सफाई लागत नाही, अगदी शाळकरी चित्र चालतं. मग त्यावर ०.४ ने इनपेंट. बोटं किती हे तुम्ही ठरवायचं, त्यांना उजेड-सावली त्याने द्यायची.

रंगरेषा:
पंत, ब्रशची युक्ती चालली! बोटं पाच झाली. पण हात चेहऱ्याहून तरुण दिसतोय, आणि तेवढा भाग जास्तच गुळगुळीत आहे.

पिक्सेलपंत:
गुळगुळीतपणा शेवटी घालवायचा. सगळे तुकडे जागेवर बसले की पूर्ण चित्रावर हलकं ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणा) टाका. जोड आणि मूळ भाग एका जातीचे दिसायला लागतात. त्याआधी ग्रेन टाकू नका, नाहीतर पुढच्या इनपेंटमध्ये ते ग्रेनलाच पोत समजून रंगवत बसतं.

तरुण हातासाठी घरातल्याच कुणाचा तरी ताट धरलेला फोटो मोबाईलवर काढा. उजेड चित्रात ज्या बाजूने आहे त्याच बाजूने हवा. तो कापून चित्रात बसवा आणि त्यावर ०.३५ ने इनपेंट करा. बोटांची ठेवण फोटोतली राहते, रंग चित्रात मिसळतो. कंट्रोलनेट, म्हणजे फोटोचा सांगाडा मॉडेलला पाळायला लावणारी जोडणी, बसवलं असेल तर त्याच फोटोचा डेप्थ नकाशा (काय जवळ, काय लांब ते दाखवणारा) देऊनही जमतं. २०२३ च्या फेब्रुवारीत ते आलं तेव्हापासून हातांची निम्मी कटकट गेली आहे.

चेहऱ्याला कोडफॉर्मर किंवा जीएफपीगॅन हे चेहरा सुधारणारं साधन पूर्ण ताकदीने लावलं असेल तर ते काढा. त्याने डोळे रेखीव होतात, पण गाल मेणाचे होतात.

येवलेवाली:
माझं माहेर हातमागवाल्यांचं, म्हणून फक्त पदराबद्दल बोलते. बोटं तुम्ही सुधाराल, पण पदराकडे येवल्याच्या गिऱ्हाईकाने नुसतं बघितलं तरी तो म्हणेल, ही पैठणी नाही.

हातमागाच्या पदरावर मोर धाग्याधाग्याने भरलेला असतो. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या नक्षीपुरता जातो आणि शेजारच्या रंगात अडकून मागे फिरतो. त्यामुळे मोराची कड जवळून बारीक पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि साडी उलटी केली तरी नक्षी तशीच असते. एआयचा मोर ब्रशने काढल्यासारखा गोलाईदार येतो, भरतकामासारखा. काठाचं त्याहून वाईट. नारळी काठात एकच आकार टोकापासून टोकापर्यंत त्याच मापात येतो. तुमच्या चित्रात तो खांद्याजवळ एक, कमरेजवळ दुसरा आणि निऱ्यांत तिसराच असणार, न बघता सांगते. आणि निरी जिथे दुमडते तिथे नक्षीही दुमडायला पाहिजे. एआय घडीवरून नक्षी सरळ ओढत नेतं.

आणखी एक. चित्र आडवं उलटवून वापरलं असेल तर तपासा. पदर डाव्या खांद्यावर आणि नथ डाव्या नाकपुडीत हवी. मोठमोठ्या होर्डिंगवर मी दोन्ही उजवीकडे बघितलेत.

रंगरेषा:
ताई, न बघता बरोबर सांगितलंत. काठ तीन प्रकारचा आहे. पण मग पैठणीवर शिकवलेलं मॉडेल वापरलं तर?

पिक्सेलपंत:
लोरा, म्हणजे मूळ मॉडेलला लावायची छोटी जोडणी, शिकवता येईल. वीस-तीस चांगल्या फोटोंवरही लोरा तयार होतो आणि तुमच्या कार्डावर एसडीएक्सएलचा लोरा रडतखडत बसेल. त्याने रंग, जरीची चमक, मोराचा एकूण तोंडवळा येईल. पण येवलेवाली ताई म्हणतायत ती काठाची शिस्त येणार नाही. एकच आकार शंभर वेळा बिनचूक मांडणं हे या मॉडेलचं कामच नव्हे. दागिन्याचं, काठाचं, जाळीच्या खिडकीचं, सगळ्या मोजून मांडलेल्या गोष्टींचं हेच आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पदर खऱ्या साडीचाच घ्या. दुकानातून साडी आणा, पदर टेबलावर सपाट पसरून वरून फोटो काढा. फोटोशॉपमध्ये वॉर्पने चित्रातल्या पदरावर बसवा, खालच्या घड्या डिस्प्लेसने त्यावर उमटवा, आणि एआयने काढलेल्या सावल्या मल्टिप्लायच्या थरात वर ठेवा. वेळखाऊ काम आहे, पण दुकानदार साडी विकतोय, बाई नाही.

फोटूवाला:
पंतांच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. आता सरळच विचारतो. जाहिरातीतली साडी बघून गिऱ्हाईक दुकानात आलं आणि म्हणालं "हीच द्या", तर काय देणार? ती साडी जगात कुठे विणलेलीच नाही. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे. कायदा राहू द्या बाजूला, काउंटरवरच्या माणसाने काय उत्तर द्यायचं? विकायची वस्तू खरी असावी, मागचं देऊळ आणि पणत्या हव्या तशा काढा.

आणि टेबलावर सपाट पसरून जरीचा फोटो नका काढू. समोरून उजेड पडला की जर पांढरी होते. खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून काढा. बाजूचा उजेड चित्रातल्या उजेडाच्याच दिशेने. साडी दुकानाच्या पुतळ्याला नेसवता आली तर आणखी बरं, घड्याही खऱ्या मिळतील. फुकट सल्ला आहे, घ्या.

मिसळपंथी:
फोटूवाले धाग्यात आले आणि मदत करून गेले. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

द्राक्षमळा:
विषय थोडा वेगळा, पण दुखणं तेच. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. पेटीवर छापायला चित्र हवं होतं. काही केलं तरी डोंगरउतारावर गुडघाभर उंचीच्या ओळी आणि मागे लाल कौलांचा बंगला येतो. आमच्याकडे मांडव असतो, घड वरून खाली लोंबतात, माणूस खालून चालतो. आणि घड म्हणजे हिरव्या फुग्यांचा ढीग. मण्याला देठच नाही!

पिक्सेलपंत:
मॉडेलने पाहिलेल्या बागा बहुतेक युरोपातल्या वाइनच्या, म्हणून त्याला द्राक्षं म्हटलं की तेच आठवतं. "मांडव" किंवा "नाशिक" लिहून त्याच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. दिसतं तसं वर्णन करा: डोक्यावर तारांचं छत, त्यावर पानं, छताखाली लोंबणारे लांबट घड, खाली सावली, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. त्यापेक्षा सोपं म्हणजे बागेत उभं राहून मोबाईलवर एक फोटो काढा आणि तो डेप्थ कंट्रोलनेटला द्या. मांडवाचा सांगाडा तुमचा, बाकी रंगकाम त्याचं. बंगला आपोआप जातो.

घडाला पुन्हा जागेचाच प्रश्न. लांबच्या घडांना फुगे राहू द्या, छापल्यावर कळत नाही. समोरचा एकच घड मोठा करून इनपेंट करा. वर्णनात मण्याचा देठ, मण्यांमधली फट, लहान-मोठे मणी आणि मण्यावरची पांढुरकी झाक हे चारही लिहा. ती झाक नसली की काचेचे मणी दिसतात.

द्राक्षमळा:
झाक बरोबर पकडलीत. व्यापारी आधी तीच बघतो, माल हाताळलेला आहे का ते त्यावरून कळतं. लहान-मोठे मणी मात्र नको हो, ते घडात असू नयेत म्हणून तर आम्ही विरळणी करतो. फोटोच्या सांगाड्याचं करून बघतो.

रामकुंडकर:
मला उलटाच त्रास. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, आमच्या मंडळाला गोदाघाटाचं पोस्टर करायचंय आणि त्यात नदीतला दुतोंड्या मारुती हवा. जगभरचे लोक दोन तोंडं आली म्हणून रडतात, मला दोन तोंडं हवीत तर हा एकच काढतो! एकदा दोन आली, तर चेहरा सुधारणाऱ्या एक्स्टेंशनने मारुतीला गोऱ्या मॉडेलचा चेहरा लावला.

पिक्सेलपंत:
हा धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न. आधी निगेटिव्ह यादी तपासा. कुठून तरी उचललेली असेल तर त्यात "दोन डोकी, जादा चेहरा" नक्की असणार, ते काढा. दुसरं, एडीटेलर, म्हणजे ते चेहरा सुधारणारं एक्स्टेंशन, बंद करा. ते चेहरा शोधतं आणि सापडेल तिथे नव्याने रंगवतं. मूर्ती आणि माणूस यांतला फरक त्याला समजत नाही. गर्दीच्या चित्रात मागच्या भाविकांसाठी हवंच असेल तर मारुती वेगळ्या थरावर ठेवा आणि एडीटेलर झाल्यावर वर बसवा.

मूर्तीचं मात्र ऐका: ती एआयकडून काढून घेऊ नका. पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे अख्खं नाशिक विचारतं. कंबर, छाती कुठे येते हे इथल्या पोराला ठाऊक आहे. मूर्तीची मापं चुकली तर पोस्टरखालच्या कॉमेंट तुम्हीच वाचा. उन्हाळ्यात, पाणी कमी असताना स्वच्छ फोटो मिळतो. तो कापून घ्या, आकाश, दिवे आणि पाण्यातली प्रतिबिंबं एआयकडून करून घ्या. प्रतिबिंब नंतर स्वतः तपासा. वरचा दिवा आणि पाण्यातला दिवा एका उभ्या रेषेत नसतील तर चित्र का खोटं वाटतंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण वाटतं.

मोबाईलवरून:
माझ्याकडे कार्डबिर्ड काही नाही. चॅटमध्ये सांगून चित्र काढते. "फक्त हात सुधार" म्हटलं की हात सुधारतो, पण चेहरा किंचित बदलतो. पाच-सहा दुरुस्त्यांनंतर बाई मावशीसारखी दिसायला लागते आणि सगळं पिवळट होतं. काय करावं?

पिक्सेलपंत:
त्यातली बरीच साधनं दुरुस्ती म्हणून अख्खं चित्रच नव्याने काढतात. प्रत्येक फेरीत थोडं थोडं सरकतं आणि ते साठत जातं. म्हणून दुरुस्तीवर दुरुस्ती करू नका, दरवेळी मूळ चित्रच पुन्हा द्या. हात सुधारलेलं चित्र आलं की ते आणि मूळ चित्र फोटोपीमध्ये एकावर एक ठेवा. ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं. वरच्या थराला मास्क लावून फक्त हात दिसू द्या. चेहरा मूळचाच राहिला. नथीसाठी तेच, पुन्हा मूळ चित्रापासून. मोबाईलच्या पडद्यावर बारीक काम जमत नाही, तेवढ्यापुरता कुणाचा तरी लॅपटॉप मागा. किंवा आधी हाताचा तुकडाच कापून, मोठा करून द्या. वरची घरांची गोष्ट इथेही बऱ्यापैकी लागू पडते.

कम्फीयूआय हा प्रोग्राम वापरणाऱ्यांनीही हे बघावं. इनपेंट झाल्यावर पूर्ण चित्र आक्रसून-फुगवून बाहेर येतं. मास्कबाहेरचा भाग दिसायला तसाच, पण लांबचे चेहरे आणि जाळ्या दर फेरीला थोड्या विरतात. शेवटी मूळ चित्रावर मास्कपुरता भाग चिकटवणारा नोड जोडा.

फ्लेक्सराव:
छपाईवाल्याचं कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. १०२४ ची फाईल ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर साडेतीन इंच पण होत नाही. कॅटलॉगचं ए४ पान म्हणजे २४८०×३५०८ पिक्सेल. लोक मोबाईलवर बघून "क्लिअर आहे" म्हणतात आणि आमच्याकडे भांडायला येतात. २०×१० फुटी होर्डिंगला मात्र ३०० लागत नाही. ७२ ला १७२८०×८६४० होते, आणि उंचावरचं असेल तर निम्म्यावरही धकतं. उगाच दोन-दोन जीबीच्या फाईली पाठवू नका.

आणि तो राणी रंग, जांभळा, मोरपंखी. पडद्यावर पेटलेले असतात, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, विझतात. आधी रूपांतर करून बघा, मग गिऱ्हाईकाला दाखवा. उलट क्रमाने केलं की भांडण ठरलेलं.

रंगरेषा:
मोठं करताना मला नवाच प्रकार दिसला. चौपट केलं तर दगडी भिंतीत आणि पदराच्या घडीत बायकांचे बारीक चेहरे उगवले. घाबरलेच.

पिक्सेलपंत:
तुकड्यातुकड्यांनी मोठं करताना प्रत्येक तुकड्याला तोच "सुंदर बाई, पैठणी" हा प्रॉम्प्ट जातो. भिंतीच्या तुकड्यालाही बाई काढायचा हुकूम मिळतो, तो पाळतो बिचारा. त्या टप्प्याला प्रॉम्प्ट रिकामा ठेवा किंवा फक्त पोताचं वर्णन द्या, डिनॉइझिंग ०.२ ते ०.३, आणि टाइल कंट्रोलनेट असेल तर लावा. होर्डिंगला तर रिअल-ईएसआरगॅन हे मोठं करणारं साधं साधन पुरे. पदर मात्र खऱ्या फोटोचा असल्याने तो वेगळा, मूळ मापातून मोठा करा. एआयने मोठं केलं की जरीचे धागे तो स्वतःच्या मनाने विणतो.

येवलेवाली:
आणि शुभेच्छा मराठीत असतील तर त्याही त्याच्याकडून लिहून घेऊ नका हो. मागच्या दिवाळीत एका फ्लेक्सवर "शुभ" मधला उकार भ ला लागलेला बघितला.

रंगरेषा:
अक्षरं मी इंकस्केपमध्ये मुक्ता फॉन्टमध्येच बसवते, ते संकट टळलं. आत्ताची स्थिती: हात झाला. पदर खऱ्या साडीचा, दुकानाच्या पुतळ्याला नेसवून खिडकीशी काढला, फोटूवाल्यांचे आभार. नथ आईची, तिचाही फोटोच घातला, कारण इनपेंटने मोती यायचे पण फासा नाकात शिरायचा नाही. मंगळसूत्राची तिसरी वाटी ब्रशने खोडली. चेहरा, देऊळ आणि उजेड एवढंच आता एआयचं राहिलंय. पणत्या अजून हवेत आहेत.

फोटूवाला:
पणती हवेत नाही, तिला सावली नाही. बुडाशी काळपट तपकिरी रंगाची पातळ, मऊ रेघ ओढा, बुडाला अगदी चिकटून. आणि ज्योतीचा पिवळा उजेड पायरीवर थोडा सांडू द्या. एआयची गरज नाही.

रंगरेषा:
बसल्या! मालकांना दाखवलं, त्यांनी पदर झूम करून बघितला आणि विचारलं, "ही आपल्याच दुकानातली ना? मग खाली किंमत टाका." फ्लेक्सराव, फाईल कशी पाठवू?

फ्लेक्सराव:
टिफ, सीएमवायके, थर एकत्र करून. अक्षरं वेगळ्या पीडीएफमध्ये देणार असाल तर आउटलाइन (फॉन्टऐवजी आकार) करा, तुमचा मुक्ता आमच्या मशीनवर असेलच असं नाही. चारही बाजूंना दोन-दोन इंच जादा सोडा, तिथे रिंगा ठोकतात. मागच्या वेळी एकाच्या नेत्याच्या कपाळात रिंग गेली होती.